बेटाला दिलेला सल्ला

कोविडच्या पहिल्या वर्षी नेदरलँड्समधल्या आर्नहेम शहरातल्या आमच्या सल्लागार कंपनीला एक काम मिळालं. कॅरिबियनमधल्या एका चिमुकल्या बेटाच्या सरकारला अर्थव्यवस्था कशी सावरायची ते सांगायचं होतं. विमानं बंद, क्रूझ बंद, त्यामुळे पर्यटक बंद. आणि पर्यटकांखेरीज त्या देशाकडे फारसं काही नव्हतं. आमच्यातलं कोणीही तिथे गेलेलं नव्हतं. आमच्या डच मॅनेजरना ती जमेची बाजू वाटायची. न गेल्यामुळे म्हणे दृष्टी स्वच्छ राहते. माझ्याकडे आकडेमोड होती.

तिथल्या अर्थखात्यातल्या एक बाई दर आठवड्याला व्हिडिओ कॉलवर यायच्या. मी पोटमाळ्यावर स्वेटर घालून, पायाशी हीटर घेऊन बसायचो. त्यांच्या मागच्या खिडकीत इतका निळा समुद्र दिसायचा की माझ्या मुलीने डचमध्ये विचारलं, हे बॅकग्राउंड कुठून डाउनलोड केलंय.

"शेती वाढवा," मॅनेजर म्हणाले.

"पाणी नाही."

"मग कारखाने."

"वीज महाग आहे. डिझेल बाहेरून येतं."

"मग डिजिटल हब."

बाई म्हणाल्या, "लिहा."

आम्ही लिहिलं. पर्यटनावर अवलंबून राहणं धोक्याचं आहे, हा मुख्य निष्कर्ष. सरकारने आभार मानले आणि एक वेगळीच योजना काढली: लॅपटॉपवर काम करणाऱ्या परदेशी लोकांनी वर्षभर बेटावर येऊन राहावं. आमच्या ऑफिसातून पहिला अर्ज मॅनेजरनी केला. काही आठवड्यांनंतरच्या कॉलला ते हाफ पँटीत होते आणि निळा समुद्र आता त्यांच्या मागे होता.

"रिपोर्ट तू लिहिलास ना? मग आपण का नाही जायचं?" बायकोने विचारलं. मी एचआरला मेल केला. उत्तर आलं, की माझं 'कुशल स्थलांतरित' परमिट नेदरलँड्समध्ये राहून काम करण्यासाठी आहे. कुशल स्थलांतरिताने आणखी स्थलांतर करायचं नसतं.

शेवटच्या मीटिंगमध्ये मॅनेजरनी समुद्रकिनाऱ्यावरून पर्यटनाचे धोके समजावले. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. मग मला म्हणाल्या, "तुम्ही कधी येताय?"

"कामासाठी परवानगी नाही. आलो तर पर्यटक म्हणूनच."

"आम्हाला तेच हवेत," त्या म्हणाल्या.

पर्यटकांसाठी विमानं सुरू झाल्यावर आम्ही आठवडाभर जाऊन आलो. मुलगी पाण्याबाहेर यायला तयार नव्हती. डिजिटल हब मात्र कुठे दिसलं नाही, आणि आम्हीही फारसं शोधलं नाही.