सरळ रेघ

तेव्हा मी आमगाव स्टेशनावर तिकीटबाबू होतो. नागपूरला इंजिनिअरिंग शिकणारा एका पोवार शेतकऱ्याचा मुलगा सुट्टीत येई-जाई. गाडी येईपर्यंत तो स्टेशनाच्या भिंती वितीने मोजत बसायचा. त्याची आई घराची मातीची भिंत पडून तिच्याखाली गेली होती. "गरिबाले परवडन अन् पडनार नाही, असं घर बांधीन जी," एवढंच तो सांगायचा, तेही हळू आवाजात.

शेवटच्या वर्षी त्याची नजर मंदावत गेली. डॉक्टरांनी इलाज नाही म्हणून सांगितलं. घरी त्याने ते कळू दिलं नाही. परीक्षेला निघाला त्या सकाळी त्याने माझ्यासमोर त्या घराचा नकाशा उलगडला.

"बाबूजी, ह्या भिंतीची रेघ सरळ आहे का?"

रेघ तिरकी जाऊन खिडकीत घुसली होती. "सरळ आहे," मी म्हणालो.

त्याने रेघेच्या खाचेवरून बोट फिरवलं; ते खिडकीत शिरलं तसा तो माझ्या आवाजाच्या दिशेने वळला.

"तुम्ही काऊन खोटं बोलून राहिले जी?"

गाडी आली, थांबली आणि सुटली. तिकीट हातात धरून तो बाकावरच बसला होता.