माणिकबाईंची वाक्यं

वलगावच्या माणिकबाईंना कुणाचंही नाव न घेता कुणालाही बोलता येतं. मळ्यात मेथीच्या जुड्या बांधता बांधता त्या मेथीलाच सांगतात, "काही लोकाईची सकाळ बाप्पा आठ वाजता होते." बांधापलीकडे भाजी तोडत असलेली त्यांची धाकटी जाऊ केशरबाई मग हातातलं वांगं टोपलीत आपटते.

दोघींचं बोलणं बंद होऊन वर्ष झालं होतं. केशरबाईंच्या मुलीच्या लग्नात, नव्या व्याह्यांच्या देखत, माणिकबाई पानातल्या वरणाकडे पाहून म्हणाल्या होत्या, "यात हात धुवाचे का जेवाचं?" तेव्हापासून बांध हीच सरहद्द.

माणिकबाईंची सून वर्षाली गावच्या शाळेत शिकवते. तिनं आणि अकोल्याच्या काही शिक्षकांनी मुलांसाठी इंटरनेटवर फुकटचा शब्दकोश सुरू केला. कुणीही त्यात शब्द घालावा, कुणीही सुधारावा. प्रत्येक अर्थाखाली वापराचं एक वाक्य आणि वाक्याखाली लिहिणाऱ्याचं नाव, एवढाच नियम. शब्द भराभर आले, पण वाक्यं सगळी परिपत्रकातल्यासारखी. मुलं तिकडे फिरकेनात. शेवटी वर्षालीनं सासूच्या हातात फोन दिला.

"आत्याबाई, यात नुसतं बोला. आपोआप लिहिलं जाते."

"अन् वाचते कोण?"

"सारे."

माणिकबाई पदर सावरून बसल्या.

रात्रीच्या भाकरी होईस्तोवर 'आळस' या शब्दाखाली आलं : 'उन्हं अंगणात आले तरी काही जावा उठत नाईत.' 'कंजूष'खाली : 'साखर मागतली तं ते आधी लहान वाटी शोधते.' दुसऱ्या दिवशी 'खोचक'खाली केशरबाईंच्या नावानं उत्तर हजर : 'काही बाया लग्नात जेवतात कमी अन् बोलतात जास्त.' 'वरण' या शब्दाखाली तर दोघींची इतकी वाक्यं झाली, की अर्थ शोधायला बोटानं खूप वर सरकावं लागे.

पाचवीची पोरं आता शाळेत आल्या आल्या शब्दकोश उघडू लागली. मुलांची भाषा सुधारली असं मुख्याध्यापकही म्हणाले. मग चाचणीत एका मुलीनं लिहिलं, 'जाऊ म्हणजे उशिरा उठणारी बाई', आणि वर्षालीनं घरी येऊन कपाळाला हात लावला.

"आत्याबाई, लेकरं वाचून राहिले ना!"

"मंग? शब्द समजला ना त्याईले?"

समजला होता, हीच तर अडचण होती.

अशात मळ्यातल्या रोडग्यांचा दिवस जवळ आला. दर हिवाळ्यात माणिकबाई मळ्यात शेणाच्या गोवऱ्यांचा जगरा पेटवून त्यात कणकेचे रोडगे भाजतात. सोबत वरण आणि वांग्याची भाजी. कणीक मळायचा मान केशरबाईंचा. गेल्या वर्षी ती नव्हती तर रोडगे असे झाले, की कुत्र्यानंही हुंगून सोडले. यंदा ती यावी असं माणिकबाईंना फार वाटत होतं.

"मंग फोन करा ना काकूले," वर्षाली म्हणाली.

"मी काहून करू? मी थोरली आहो."

शनिवारी त्यांनी हळूच वर्षालीचा फोन घेतला आणि 'आमंत्रण' या शब्दाखाली बोलल्या : 'उद्या मळ्यात रोडगे आहेत, ज्याले याचं त्यानं यावं, आमी कोणाले अडवत नाई.' नाव नेहमीप्रमाणे घेतलं नाही.

रविवारी वरण शिजत आलं, जगरा फुलला. माणिकबाई बांधाकडे पाहत होत्या. बांधावर कुणी नव्हतं. फाटकातून मात्र पाचवीचा अख्खा वर्ग आत आला, ताट-वाट्या घेऊन. कुणाच्या कडेवर धाकटा भाऊ, एकीच्या हाताला धरून आजोबा.

"मॅडम, शब्दकोशात लिहिलं होतं," एक पोरगी म्हणाली.

"ज्याले याचं त्यानं यावं," आजोबांनी पाठ म्हणून दाखवलं.

माणिकबाई परातीकडे वळल्या. "वर्षाली, कणीक किती हाय?"

"घरापुरती."

तेवढ्यात बांधापलीकडच्या तुरीतून आवाज आला. केशरबाई तुरीच्या झाडाला सांगत होती, "मले बाप्पा नाव घेऊन कोणी बोलावलं नाई."

माणिकबाईंनी वरणाकडे पाहिलं, पोरांकडे पाहिलं, आजोबांकडे पाहिलं. मग बांधाकडे तोंड करून ओरडल्या, "केशर! अवो केशर! ये वो माय लवकर!"

केशरबाई तुरीतून बाहेर आली. पदर खोचलेला, कडेवर पिठाचा मोठा डबा. शनिवारचं वाक्य तिनंही वाचलं होतं आणि पोरं येणार हे ओळखून तयारीनं तुरीत उभी होती. आल्या आल्या परातीशी बसली आणि मळू लागली.

आता वरण पुरेना. माणिकबाईंनी कुणी बघत नाही असं पाहून वरणाच्या गंजात तांब्याभर पाणी ओतलं. थोड्या वेळानं आणखी एक. केशरबाईंनी कणकेतून हात न काढता विचारलं, "बाई, यात हात धुवाचे का जेवाचं?"

पोरं खदखदून हसली. शब्दकोशातलं हे वाक्य त्यांना तोंडपाठ होतं.

"एवढे पाहुणे आले तं काय करू मंग?" माणिकबाई तडकल्या.

"माह्या मांडवात नव्हते आले? तुमीच तं तिवस्याहून जीपभर माणसं न सांगता संगं आणली होती."

माणिकबाईंनी वरण ढवळलं. "आणली होती," त्या वरणाला म्हणाल्या.

"इकडे पाहून सांगा ना."

"आणली होती वो केशर. आता मळ."

रोडगे खुसखुशीत झाले. संध्याकाळी 'वरण' या शब्दाखालची जुनी वाक्यं माणिकबाईंनी वर्षालीकडून पुसून घेतली आणि एकच ठेवलं : 'माणसं वाढली की वरणात पाणी वाढते.' खाली दोघींची नावं घालायला लावली.

'आळस'खालचं वाक्यही काढू का, असं वर्षालीनं विचारलं.

"ते राहू दे," माणिकबाई म्हणाल्या. "ते खरं हाय."