गरुडाच्या पाठीवर, कार पार्कमध्ये

कोविडमुळे भारतात जायची विमानं बंद होती, तेव्हा मी रोज दुपारी वेस्टमीड हॉस्पिटलच्या कार पार्कमध्ये गरुड व्हायचो. गाडीत बसून. सीट मागे ढकलायची, मोबाइल स्टिअरिंगला टेकवायचा आणि हात पसरायचे. एकदा शेजारच्या गाडीतल्या गोऱ्या काकांनी काच ठोठावून काळजीने विचारलं, "यू राइट, मेट?" मी म्हटलं, "नो वरीज! राजाला स्वर्गात सोडून येतो." त्यांनी गाडी जरा लांब लावली.

प्रेक्षक एकच: नागपूरला एकटी राहणारी माझी आई, इतिहासाची निवृत्त शिक्षिका. शिफ्ट संपली की "जय भीम" म्हणून मी पडदा उघडायचो. त्या आठवड्यात मातीच्या पाट्यांवर कोरलेल्या जुन्या गोष्टीतला, सुमेरमधल्या किश नगरीचा राजा चालू होता. मूलबाळ नाही म्हणून बेजार. संततीची वनस्पती उगवते थेट स्वर्गात. न्यायला एक गरुड, राजानेच खड्ड्यातून काढून, भरवून बरा केलेला.

आई वाक्यावाक्याला अडवायची. "मातीच्या पाटीवर जेवढं लिहिलं तेवढंच सांग. पदरचं टाकू नको."

त्या दिवशी तिने कॅमेरा लावला नाही. "नेट स्लो आहे रे."

मी राजाला उंच नेलं. खाली जमीन ताटाएवढी, समुद्र वाटीएवढा. ती नुसतं "हं" म्हणाली. समुद्र वाटीत मावला आणि बाईंनी हरकत घेतली नाही! मी चरकलो.

मग तो आवाज आला. बुडबुड, बुडबुड. हॉस्पिटलच्या वर्कशॉपमध्ये ऑक्सिजनची उपकरणं दुरुस्त करणं हेच माझं काम. ऑक्सिजन पाण्यातून जातो ती बाटली कशी वाजते, मला झोपेतही कळतं.

"आई, आवाज कसला गं?"

"कूलर आहे बाप्पा. नागपूरचं ऊन विसरला का?"

माझे हात पसरलेलेच राहिले. परदेशातल्या पोराला वाईट बातमी द्यायची नाही, हा आमच्या घरचा नियम. मीही तो उलट बाजूने पाळला होता: माझ्या बायकोला कोविड होऊन गेल्याचं आईला ठाऊक नव्हतं. भांडायला तोंड कुठे होतं? मी गोष्टच पुढे ओढली. राजाला जमीन दिसेना. घाबरला. गरुडाला म्हणाला, परत चल.

"अन् मग?" तिला दम लागला होता.

"पुढे पाटी फुटलीये, आई. तुकडा सापडला नाही."

"मग जोडू नको काही. मी घरी गेली की नीट वाचून सांगजो."

घरी गेली की. म्हणजे आत्ता ती घरी नव्हती. आपण काय बोललो ते तिलाही ऐकू गेलं असावं.

"ऑक्सिजनचा फ्लो किती लिटरवर ठेवलाय, आई?"

पलीकडे बाटली बुडबुडत होती.

"चार," ती म्हणाली. "मेल्या, चुगली कोणी केली?"

"बाटलीने."

मग मी बायकोचं सांगून टाकलं. "नालायक," ती म्हणाली आणि तिला खोकल्याची उबळ आली. ती ओसरल्यावर ठरलं: रोज आधी आकडा सांगायचा, मग राजा. बरं व्हायचं तर आकडा उतरत गेला पाहिजे, हे मी तिला दोनदा बजावलं.

दुसऱ्या दिवशी कॅमेरा चालू होता. नाकात नळी. केस मात्र नीट विंचरलेले.

"पाच," ती म्हणाली. "आता उडव. पहिल्यापासून."

मी हात पसरले.