गोदूकाकीच्या बावेतला पांढरा जीव

आसियाला खोटं बोलता येत नाही, अशी माझी पक्की समजूत होती. अकरावीत आम्ही एका बाकावर होतो. पुढे मी मराठी घेतलं, तिने प्राणिशास्त्र. मी कथा वाचत राहिले, ती दगड उलटत राहिली.

पनवेलच्या एका कॉलेजात ती शिकवायची. सुट्टीला भावाची, तौसीफची, स्कूटर घेऊन निघायची आणि गाढी नदीच्या पाण्यात हात घालून बसायची. तिला हवे असत आयसोपॉड. कुंडी उचलली की खालून चपटे, पुष्कळ पायांचे किडे पळतात, त्यांचे हे पाण्यातले नातलग. त्यांच्या बाटल्या घरात लोणच्याच्या बरण्यांशेजारी असत. आसियाला बघायला कुणी येणार असलं की तिची अम्मी आधी बाटल्या लपवायची, मग घर झाडायची.

वरच्या पाण्यातल्यांना डोळे असतात. जमिनीखालच्यांना नसतात. ते खडकाच्या भेगांत, अंधारात राहतात. रंग पांढरा, आकार तांदळाच्या दाण्याएवढा. एखादा कधी विहिरीत येतो. असा एक जिवंत बघायचा, हे तिच्या मनाने घेतलं होतं. पण २०१७ साली विहिरीच जायला लागल्या. उलव्याच्या बाजूला विमानतळासाठी गावं उठत होती.

रंजिता ही तिची विद्यार्थिनी त्यातल्याच एका गावची. तिने सांगितलं, आमच्या गोदूकाकीच्या बावेचं, म्हणजे विहिरीचं, पाणी गाळलं की फडक्यावर पांढरं काहीतरी वळवळतं. लहानपणी आम्ही ती भाताची शितं समजायचो. आसियाने तिच्याकरवी निरोप धाडला की रविवारी विहीर बघायला येते.

त्या निरोपानेच घात केला. कॉलेजातल्या मॅडम पाणी तपासायला येणार, असं गोदूकाकीने धरलं.

रविवारी आसियाबरोबर मीही गेले; आम्ही पोहोचलो तेव्हा अर्ध्या गावाची दारं-खिडक्या काढून नेलेली होती. गोदूकाकीच्या विहिरीपुढे मात्र रांगोळी होती. तिने मुलाला, निकेशला, कामाला लावून विहीर उपसून घेतली होती. कडेचं शेवाळ घासलं होतं. पंचायतीची जंतुनाशक पावडर वर दोनदा टाकली होती. दवाखान्यासारखा वास येत होता.

"बग, तळ दिसतो," काकी म्हणाली. आगऱ्याच्या बावेत पाहुणीला किडा दिसला तर तोंड कुठं दाखवायचं, असंही म्हणाली.

आसियाने जाळी सोडली. जाळी वर ओढून झटकली तेव्हा तिच्या तळहातावर पांढरे तुकडे होते. पाय गळलेले, अंगं फुटलेली.

"काय गो पोरी, पास का माजी बाव?"

आसियाने मूठ मिटली. "पास, काकी. एक नंबर."

मग काकीने पुढे केलेलं ते उग्र वासाचं पाणी ती पूर्ण प्यायली. मी बघत राहिले.

परतताना न्हावा शेवा बंदराच्या कंटेनर-ट्रकांमागे आम्ही अडकलो. तेव्हा ती एवढंच म्हणाली, "मी येते असं कळवलं नसतं, तर ते जगले असते."

रंजिताला मात्र राहवलं नाही. तिने काकीला सगळं सांगून टाकलं. काकीने पावडर बंद केली आणि रोज सकाळी पाणी गाळायला बसू लागली. पांढऱ्या फडक्यावर पांढरं दिसत नाही म्हणून निकेशचा काळा टीशर्ट घेतला. शेजारपाजारचे लोक सामान हलवत होते. निकेशने रोडपालीत खोली घेतली होती. तो वैतागून म्हणायचा, लोक भांडी बांधतात नि आमची आय किडे शोधते. विहीर बुजवायची तारीख ठरली, तरी काकी हलेना. पाऊस झाला, झरे भरले, आणि एका सकाळी टीशर्टवर काहीतरी हललं.

ती तशीच कॉलेजात आली. कडेवर कळशी, कळशीवर ओलं गोणपाट. फाटकाबाहेर तिच्या संसाराचा टेम्पो उभा होता आणि निकेश हॉर्न वाजवत होता.

आसियाने कळशीतलं थोडं पाणी काळ्या ताटलीत ओतलं. तो पांढरा जीव चालत होता. डोळे नसलेलं तोंड इकडे तिकडे वळवत, वाट चाचपत. शेजारी स्पिरिटची बाटली उघडी होती. अख्खा नमुना मिळाला तरच जात ओळखता येईल, असं तिला जाणकारांनी कळवलं होतं.

"ह्या बाटलीत घालनार?" काकीने विचारलं.

"हो."

"मरंल?"

"मरेल."

काकीने पदर तोंडाला लावला. मग म्हणाली, "घाल. तुज्यासाठीच आनलाय. आदी माजी चूक झाली."

आसियाने बाटलीचं झाकण लावलं. "आपला आपण मेला की घालीन, काकी. तोवर राहू दे." मग हळूच विचारलं, "कळशी ठेवून जाल का? त्याला बावेचंच पाणी लागेल."

कळशी प्रयोगशाळेतल्या कपाटात राहिली. तळाशी कुजकी पानं, कपाटात अंधार. त्याच आठवड्यात विहिरीत दगडमाती पडली.

काकी अधूनमधून रोडपालीहून रिक्षाने येते. मला आधी वाटलं, आसियाला भेटायला येते. तसं नाही. ती सरळ कपाटाशी जाते, दार बोटभर उघडते.

"हाय?"

"आहे," आसिया म्हणते.

परवा मीही तिच्यामागून डोकावले. पानाच्या कडेने तो सावकाश चालला होता. काकीने माझा हात धरून मला मागे ओढलं.

"दार लाव गो. उजेड पडतो त्याच्यावर."