सासऱ्यांच्या गाडीचं निदान

आमचे हे गाड्यांचे वायरमन. बोनेट उघडायच्या आधी गाडीवाल्याला शंभर प्रश्न विचारणार. त्रास कधी होतो, तेव्हा काय काय चालू असतं? गिऱ्हाईक वैतागलं की यांचं वाक्य ठरलेलं, "रोग्याला न विचारता गोळी देणारा डॉक्टर तुम्हाला चालेल का?" गॅरेजात सगळे यांना डॉक्टरच म्हणतात, आणि खोटं कशाला बोलू, ते ऐकून यांच्या मिशा जरा वर जातात.

माझ्या बाबांची गाडी ऑटोमॅटिक. ती मध्येच हिसका मारायची आणि एकाच गिअरमध्ये अडून बसायची. बंद करून चालू केली की पुन्हा शहाण्यासारखी. एकदा हिसका बसला आणि बाबा थेट फुटपाथवर चढले. कोणाला लागलं नाही, पण आईने धसका घेतला.

यांनी भर दुपारी गाडी फिरवून आणली. अगदी लोण्यासारखी चालली. बाबा सांगत होते, "जावईबापू, हेडलाइट आणि एसी दोन्ही लावले की होतं." यांनी माझ्या भावाकडे बघून हसत म्हटलं, "गाडी ठणठणीत आहे. बाबांचा पायच आता पहिल्यासारखा राहिला नाही."

भावाने त्याच दिवशी किल्ली काढून घेतली. पुढे पुढे तर बाबा जिना उतरतानाही कठडा धरायला लागले. विचारलं की म्हणायचे, "पायाचा भरवसा नाही गं."

गेल्या आठवड्यात भाऊच गाडी घेऊन गॅरेजात आला. "भावोजी, माझ्या हातातही हिसके देते. दिवे लावले होते, एसी चालू होता."

यांनी दिवे आणि एसी लावून मीटर धरला. गिअरबॉक्स आणि बॉडी जोडणारी अर्थची वायर हिरवी पडून आतून कुजली होती. लोड वाढला की गिअरच्या कॉम्प्युटरला वीज कमी पडायची. वायर लगेच बदलून झाली. हे घरी आले ते जेवलेच नाहीत.

"त्यांनी मला रोग नेमका सांगितला होता," हे म्हणाले. "मी त्यांनाच रोगी ठरवलं. तोंड कसं दाखवू?"

तरी दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो. "बाबा, चुकलं माझं. पाय चांगला होता, वायर खराब होती," असं म्हणून यांनी किल्ली पुढे केली.

बाबा कठडा धरत खाली आले. स्टिअरिंगवरून हात फिरवला, मग वळसा घालून बाजूच्या सीटवर बसले आणि पट्टा लावला. "चालवा तुम्ही. मला आता खरंच भीती वाटते."

यांनी हेडलाइट लावले, एसी लावला. गाडीने जराही हिसका दिला नाही. मी मागे बसले होते. बाबांचा उजवा पाय मात्र नसलेला ब्रेक दाबत होता. वळणाआधी, गतिरोधकाआधी, दर वेळी अगदी वेळेवर. यांनी ते पाहिलं आणि गाडी बाजूला घेतली.