बाहेरून कुलूप

शर्मिला २००४ च्या ऑक्टोबरात नेदरलँड्समधल्या न्यूनेन गावी आली ती सुबोधची बायको म्हणून; व्हिसावरही तेवढंच लिहिलं होतं. पुण्यात ती एका छापखान्यासाठी मुखपृष्ठं करायची. इथं सुबोध सकाळी आठला सायकलवर टांग मारून आइंडहोव्हनच्या ऑफिसला गेला, की संध्याकाळपर्यंत घरात चिटपाखरू नाही.

दुसऱ्या वर्षी तिनं डच भाषेचा वर्ग लावला. शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, "रोज चार वाक्यं लिहा, तारीख घालून." शर्मिलाला क्रियापदं धड यायची ती फक्त 'मी'ची, म्हणून ती सगळं 'मी'मध्येच लिही. पण स्वतःबद्दल रोज लिहायचं तरी काय? भात केला, कपडे वाळत घातले. मग तिनं मनानंच एक बाई उभी केली. तिचा नवरा कामाला जाताना बाहेरून कुलूप लावतो, पासपोर्ट लपवून ठेवतो. ती खिडकीतून जे दिसेल ते रोज काढते आणि पळून जायचा बेत रचते.

रोजच्या चार वाक्यांची वहीभर पानं झाली. शर्मिलानं जाड कागद चहाच्या पाण्यात बुडवून वाळवले, मैद्याची खळ केली, जुन्या जीन्सचं कापड पुठ्ठ्यावर चढवलं आणि गोधडीच्या दोऱ्यानं पानं शिवली. प्रत्येक पानावर जलरंगातलं चित्र. त्या बाईचं नाव योहाना, पण वहीत ते कुठंच आलं नव्हतं. आपल्याच वहीत आपलं नाव कोण लिहितं?

२००६ च्या मे महिन्यात ही वही ती ग्रंथालयाच्या टेबलावर विसरली. आत खूण म्हणून तिचंच सभासद-कार्ड होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी बेल वाजली. दारात दोन पोलीस, एक बाई आणि एक पुरुष.

"सुबोधला काय झालं?" ती मराठीतच ओरडली.

पोलीसबाईंनी तिला खुर्चीवर बसवलं आणि त्या सावकाश इंग्रजीत म्हणाल्या, "तुमच्या यजमानांना आम्ही बोलावलंय. त्याआधी मला सांगा, तुम्ही या घरात सुरक्षित आहात का?"

ग्रंथालयानं त्यांच्याकडे पोहोचवलेली वही त्यांनी टेबलावर ठेवली. शर्मिला पाहतच राहिली. मग तिला हसू फुटलं, पण बाई हसल्या नाहीत.

"तुमचा पासपोर्ट कुठं आहे?"

"सुबोधच्या ऑफिसात," शर्मिला म्हणाली, आणि आपलेच शब्द कानावर पडताच तिचं हसू मावळलं. पासपोर्ट खरंच तिथं होता, इथं राहण्याच्या परवान्याच्या नूतनीकरणासाठी दिलेला. पण आता हे कोणाला पटणार?

सुबोध धापा टाकत आला, तर दुसऱ्या पोलिसानं त्याला बागेतच थांबवलं. काचेतून त्याचा पांढराफटक चेहरा दिसत होता. शर्मिला धावत वर गेली, कच्च्या चित्रांचा गठ्ठा आणला, पानापानावर खोडलेलं 'योहाना' दाखवलं, डचच्या वर्गातल्या बाईंचा फोन नंबर दिला. त्या बाईंनी फोनवर सगळा उलगडा केला, तेव्हा कुठं वातावरण निवळलं.

निघताना पोलीसबाईंनी विचारलं, "पळते का ती शेवटी?"

"अजून ठरलं नाहीये," शर्मिला म्हणाली.

दार लागल्यावर सुबोधनं वही उघडली. डच त्याला येत नव्हती. तो चित्रं पाहत गेला आणि एका पानावर थांबला.

"शर्मिला, हा तर मी आहे."

तिनं वाकून पाहिलं. तोच चष्मा, हनुवटीवरचा तोच तीळ, खांद्यावर लॅपटॉपची तीच बॅग. इतके महिने स्वतःच्या हातानं काढलं, आणि तिला दिसलं नव्हतं. पोलीस पाहून बसला नव्हता एवढा धक्का तिला आता बसला.

"इथं जवळून पाहिलेला पुरुष तूच ना रे," ती कशीबशी म्हणाली.

"वाचून दाखव. मराठीत."

ती वाचत गेली. तो ऐकत होता. एका वाक्याला त्यानं हात वर केला. 'तो घरी आला की जेवणाचं विचारतो, माझं विचारत नाही.'

"हेही कल्पनेतलं?"

शर्मिलानं वही खाली ठेवली. "नाही," ती म्हणाली.

दोन दिवसांनी संध्याकाळी घरी येताच सुबोधनं बूटही न काढता विचारलं, "आज काय काढलंस?" प्रश्न अवघडलेलाच होता, पण त्यानं तो विचारला, आणि पुढंही, विसरत-आठवत, विचारत राहिला.

पोलीस आल्याचं मात्र पसरलं होतं, आणि तिथल्या मराठी मंडळातल्या शुभदाताईंचा फोन आलाच. "काही असलं तर लपवू नकोस हं."

शर्मिलानं वही पुरी केली. योहाना पळाली. शरद ऋतूत ग्रंथालयानं ती वही काचेच्या पेटीत, नवऱ्याच्या चित्राचं पान उघडून मांडली, शेजारी 'काल्पनिक कथा' अशी ठळक पाटी लावून. पहिल्या दिवशी पाहून झालं की लोक मान वर करायचे, समोर उभ्या सुबोधला बघायचे आणि दचकून एक पाऊल मागं सरायचे. तो सगळ्यांना नमस्कार करत दुपारभर तिथंच उभा राहिला.