सुकल्याशिवाय ओळख पटेना

माझे धाकटे दीर एका मोठ्या इस्पितळाची बाग सांभाळतात. सांभाळतात म्हणजे बागेवर राज्य करतात. डोक्यावर कॅनव्हासची टोपी, हातात कात्री आणि तोंड सतत चालू. कात्री कधीतरी थांबते. पेशंटला भेटायला आलेलं कुणी बाकावर घटकाभर टेकलं, की हे झुडपामागून उगवतात आणि गवत कसं कापावं, कधी कापावं आणि आधीच्या माळ्याला ते का जमलं नाही, हे साद्यंत ऐकवतात. माणसं उठून वॉर्डात जातात. आजारी माणसाला त्यामुळे जास्त सोबत मिळते, हाच बागेचा खरा उपयोग, असं माझी धाकटी जाऊ म्हणते. नवऱ्याबद्दल ती याहून बरं सहसा बोलत नाही.

तरुणपणी हे गृहस्थ इस्पितळाच्या कुंपणाला रंग द्यायला गेले होते. रंगवताना मधे येणारी फांदी छाटली, मग शेजारची छाटली, आणि डब्यातला रंग वाळून दगड झाला तरी हे छाटतच होते. तेव्हाच्या व्यवस्थापकांना ते आवडलं. असे ते माळी झाले. शिकलेले काही नाहीत, पण बाग देखणी ठेवतात. हे मी वहिनी म्हणून सांगत नाही, मला डोळे आहेत म्हणून सांगते.

मग नवा नियम आला. सार्वजनिक बागेत कात्री चालवायची तर ‘प्रमाणित उद्यान व्यावसायिक’ असं सर्टिफिकेट हवं. परीक्षा द्या, नाहीतर दुसरं काम घ्या. भाऊजींसाठी दुसरं काम ठरूनही गेलं होतं. पार्किंगच्या टपरीत बसून गाड्यांना टोकन द्यायचं. टपरीची खिडकी भिंतीकडे. बागेचं एक पानसुद्धा दिसायचं नाही.

“वहिनी, गाड्यांचं काय छाटू मी? आरसे?” माझ्याकडे येऊन ते म्हणाले. चेष्टा करत होते, पण टोपी हातात घेऊन चुरगाळत होते. “तुम्ही बी.एस्सी. झालेल्या. मला पास करा.”

जसं काही शर्ट आणून दिलाय आणि मी इस्त्री करून देणार आहे!

परीक्षेचे दोन भाग होते. पहिल्यात टेबलांवर बाटल्यांतून फांद्या ठेवलेल्या असणार, चिठ्ठी नाही, काही नाही. प्रत्येकीचं रोजचं नाव आणि शास्त्रीय नाव लिहायचं. दुसरा भाग तोंडी. मी म्हटलं, चला, आधी तुमच्याच बागेत फिरू.

“हे काय?” मी एका झुडपाकडे बोट केलं.

“हे हाडांच्या वॉर्डाबाहेरचं.”

“नाव सांगा.”

“नाव कशाला? जागा सोडून कुठे जातंय ते?”

थोडं पुढे तेच झुडूप पुन्हा होतं. “आणि हे?”

“हे डोळ्यांच्या विभागातलं. याचा स्वभाव वेगळा.”

“भाऊजी, दोन्ही तगर आहेत.”

“असतील. पण त्यांचं आपसात पटत नाही.”

मी कपाळाला हात लावला. या माणसाला झाडं नव्हे, पत्ते पाठ होते. तेव्हा उपाय एकच, झाडाला पत्त्यावरून हलवायचं. फांद्या कापून घरी आणायच्या, जेवणाच्या टेबलावर मांडायच्या आणि नावं घोकायची. त्यांनी हौसेने गठ्ठाभर फांद्या आणल्या. बाटल्या भरायला गेले तर धाकटी जाऊ आडवी आली.

“घरात पाणी साठवून डास पाळायचेत? इस्पितळात नोकरी आहे तेवढी पुरे. ॲडमिट व्हायची हौस नको.”

तिच्यापुढे कुणाचं चालत नाही. फांद्या वर्तमानपत्रावर कोरड्याच राहिल्या आणि परीक्षेपर्यंत तिथेच पडून होत्या. घरातली माणसं ताटं मांडीवर घेऊन जेवू लागली. भाऊजी मात्र पेटले. संध्याकाळी मी गेले की फटाफट नावं सांगायचे. सिगारेटसारखी गुंडाळी झालेला तो जास्वंद, हिबिस्कस. काळवंडलेली ती तगर. हात लावताच पानं टाकून देतो तो क्रोटन. “आणि ही चुरचुरणारी कण्हेर, नेरियम! आहे की नाही, वहिनी?” बरोबरच होतं. सुकलं म्हणून काय झालं, झाड तेच ना, असं मी समजत होते.

परीक्षेला मी बरोबर गेले. हॉलच्या खिडकीबाहेर नातेवाइकांसाठी बाकडं होतं, तिथून आतलं सगळं दिसे आणि ऐकूही येई. उमेदवार एकेक करून आत जात होते. भाऊजींचा नंबर शेवटचा. आत गेले आणि थिजलेच. टेबलांवर बाटल्यांतून हिरव्यागार, टवटवीत, पाणी शिंपडलेल्या फांद्या. ते पहिल्या टेबलापासून शेवटच्यापर्यंत गेले, परत आले आणि थेट खिडकीशी येऊन म्हणाले, “वहिनी, घात झाला. यातलं एकही आपल्या घरातलं नाही.”

“बाहेर बोलायचं नाही,” परीक्षक बाई ओरडल्या. किडकिडीत बाई, चष्म्याला दोरी.

“बाई, वेळ किती आहे?”

“तुम्ही शेवटचे. हॉलला कुलूप लागेपर्यंत बसा.”

भाऊजींनी क्षणभर विचार केला. मग एकेक फांदी बाटलीतून काढून, झटकून, उन्हाच्या खिडकीत ओळीने आडवी घातली.

“अहो! हे काय चाललंय?”

“ओळख व्हायला वेळ नको का, बाई? घाईत कुणाचीच होत नाही.”

बाईंनी नियमावली काढली. नमुना हॉलबाहेर नेऊ नये, एकाच्या जागी दुसरा ठेवू नये. वाळवू नये असं कुठेच नव्हतं. त्यांनी दोनदा शोधलं. मग “नियमात नाही,” असं शोकसभेतल्या आवाजात म्हणून जेवणाचा डबा उघडला.

वर पत्रा आणि समोर रणरणतं ऊन. पानं मान टाकू लागली, कडा वळू लागल्या, आणि तसतसा आमच्या भाऊजींचा चेहरा फुलू लागला. “अरे, हा तर आपला जास्वंद! सकाळी काय अवस्था करून ठेवली होती याची!” भराभर लिहीत सुटले. तगर, कण्हेर, क्रोटन, सगळी मंडळी एकामागून एक ओळखीची निघाली. परीक्षक बाई घास हातात धरून बघत होत्या.

एकच फांदी अडून बसली. रुंद पानं, त्यावर पांढुरके ठिपके. बाकी सगळ्या कोमेजल्या तरी ही ताठ. घरात कुंडीत ठेवायचं झाड होतं ते. भाऊजी असल्यांना सोफ्यावरची झाडं म्हणतात आणि त्यांच्याकडे बघतही नाहीत.

“बाई, हे प्लास्टिक आहे.”

“नाही.”

“दातांच्या डॉक्टरकडे असतं तसलं. गरीब माणसाची परीक्षा घेता आणि फसवता?”

“वाटतं ते लिहा आणि मोकळे व्हा.”

“लिहितो की! आणि सिद्धही करतो,” असं म्हणून त्यांनी ‘प्लास्टिक’ लिहिलं आणि देठाचा कचकन तुकडा तोडला दातांनी.

आधी काही झालं नाही. मग डोळे मोठे झाले. मग टोपी पडली. मी बाकड्यावरून उठेपर्यंत बाई त्यांना नळाशी घेऊन गेल्या होत्या. ते झाड चावलं की तोंडाची आग होते आणि जीभ सुजते. परीक्षा घेणाऱ्या संस्थेच्या डॉक्टरांनी घसा बघितला, श्वास बघितला, बर्फ चघळायला दिला. म्हणाले, जिवाला भीती नाही, पण उद्या संध्याकाळपर्यंत बोलू नका. मी मनात म्हटलं, हे औषध अजून कुणी दिलं नव्हतं यांना.

पण तोंडी परीक्षा राहिली होती. “पुढच्या वर्षी या,” परीक्षक बाई म्हणाल्या. भाऊजींनी खुर्चीचे हात गच्च धरले आणि जोरजोरात मान हलवली. डोळ्यांत पाणी. ते जिभेचं नव्हतं. पुढच्या वर्षापर्यंत त्यांना टपरीसमोरची भिंतच दिसणार होती. शेवटी बाई नरमल्या. “बरं. हो किंवा नाही एवढंच सांगा.”

सरावात मी विचारलं होतं, फवारणीआधी काय काळजी घ्याल? त्यावर हे आधीच्या माळ्याच्या चुलत्यापर्यंत पोचले होते. आता काय करतात?

“फवारणी करताना तोंडाला फडकं बांधता?” मान हलली.

“कात्री रोज पुसता?” पुन्हा हो.

“बागेत बसलेल्यांना त्रास देता?” ठाम नकार. मी छताकडे बघितलं.

“आधी त्या जागेवर काम करणाऱ्यांकडून काही शिकलात?”

भाऊजी लाल झाले. सुजलेली जीभ आतल्या आत वळवळली. बाहेर नुसती वाफ आली. बाई पेन धरून वाट बघत होत्या. अखेर, मोठ्या कष्टाने, त्या आधीच्या माळ्यासाठी त्यांची मान खाली गेली आणि वर आली.

“आज सकाळपासून प्रत्येकजण माझ्याशी भांडला,” बाई सही करत म्हणाल्या. “इतका समंजस उमेदवार दुसरा नाही. ते प्लास्टिक तेवढं चुकलंय.”

पास झाले. कात्री राहिली. परतताना बसमध्ये ते माझा दंड दाबून काहीतरी सांगू पाहत होते. मी म्हटलं, “कळलं मला, गप्प बसा,” आणि कधी नव्हे ते बसले.

दुसऱ्या दिवशी धाकट्या जावेचा फोन आला. इतकी हळू बोलत होती की मला आधी वाटलं काही वाईट घडलंय.

“ताई, घर कसं शांत आहे म्हणून सांगू! मी म्हणते, ते झाड घरात जगतं का हो?”

“जगतं,” मी म्हटलं. “पण आता भाऊजी ओळखतात त्याला.”